एक्सएमएलचा वाचक कसा निवडावा ?

जुन्या मराठी शाळेंत व्याकरणाच्या तासाला गुरुजी फळ्यावर एखादें वाक्य लिहीत आणि त्यांतील शब्दांचें व्याकरण चालविण्यास सांगत. मुलगा उभा राही आणि सांगूं लागे : अमुक शब्द नाम, पुल्लिंगी, एकवचनी, प्रथमा विभक्ति, वाक्याचा कर्ता, तमुक शब्द क्रियापद, भूतकाळीं. वाक्य तेंच असे. परंतु व्याकरण चालविल्यावर त्यांतील कोणता शब्द कोणत्या शब्दावर अवलंबून आहे, हें उघड होई. ज्याला हें साधत नसे त्याला वाक्य वाचतां येई, पण त्याचा अर्थ लावतांना तो हमखास अडखळे.

संगणकालाहि हेंच काम रोज करावें लागतें. त्याच्यापुढें अक्षरांची एक लांबच लांब ओळ येते. तिच्यांत नांव कोणतें, मजकूर कोणता, एक नोंद कोठें संपली आणि दुसरी कोठें सुरू झाली, हें ठरविणाऱ्या प्रोग्रामाला पार्सर म्हणतात; म्हणजे संगणकासाठीं व्याकरण चालविणारा. असा पार्सर प्रत्येकानें स्वतः लिहावयाचा नसतो. दुसऱ्यानें लिहून व पारखून ठेवलेला प्रोग्राम आपल्या कामांत जोडून घ्यावयाचा असतो, आणि अशा तयार प्रोग्रामांच्या संग्रहाला लायब्ररी हें नांव रूढ झालें आहे. पायथॉनसारख्या स्क्रिप्ट-भाषेंत काम करणाऱ्यापुढें एक्सएमएलसाठीं अशा अनेक लायब्ऱ्या असतात आणि त्यांतून एक निवडण्याचा प्रसंग कामाच्या पहिल्याच दिवशीं येतो. ही निवड बहुधा घाईंत होते. जिचें नांव अधिक कानांवर पडलें, किंवा जी सर्वांत वेगवान म्हणून गाजते, ती उचलली जाते. वास्तविक निवडीचा आरंभ लायब्ररीच्या गुणांपासून न करतां वाचावयाच्या दस्तऐवजापासून करावयास हवा. दस्तऐवज केवढा आहे, तो कोणाकडून आला, आणि वाचून त्याचें करावयाचें काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं लायब्ररीचें नांव बहुतेक आपोआपच ठरतें.

एक्सएमएल ही दस्तऐवजांत खुणा घालण्याची एक सर्वमान्य रीत आहे. तिचें मूळ १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेल्या एसजीएमएल या पद्धतींत सांपडतें. ती पद्धति व्यापक, पण वापरण्यास अवघड. म्हणून तिचें आटोपशीर रूप तयार करण्यांत आलें आणि वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या संस्थेनें १० फेब्रुवारी १९९८ रोजीं तें प्रसिद्ध केलें. टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे त्याचे संपादक. रीत साधी आहे. प्रत्येक मजकुराच्या आधीं त्याच्या नांवाची उघडणारी खूण आणि शेवटीं बंद करणारी खूण. आणि डब्यांत डबा बसावा तशी एका खुणेच्या पोटांत दुसरी. आंतला डबा बंद झाल्याखेरीज बाहेरचा बंद होऊं शकत नाहीं. आणखी एक नियम कडक आहे. या रचनेंत चूक आढळली, तर पार्सरनें ती कळवावी आणि वाचन थांबवावें; अंदाज बांधून पुढें रेटूं नये. वेबवरील पानें वाचणारे ब्राउझर पुष्कळ चुका पोटांत घालतात. एक्सएमएलचा पार्सर घालीत नाहीं. चुकीचें वाचण्यापेक्षां न वाचलेलें बरें, हें त्याचें ब्रीद आहे.

आतां एक काम डोळ्यांपुढें आणावें. एका विद्यार्थ्याला मराठी शब्दांची मोठी यादी करावयाची आहे, आणि त्या यादीवरून पुढें शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम बनावयाचा आहे. एवढा मराठी मजकूर एकत्र व विनामूल्य मिळण्याचें एक ठिकाण म्हणजे २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया. विकिमीडिया प्रतिष्ठान विकिपीडियाचा सारा मजकूर ठराविक कालांतरानें एक्सएमएल फाइलींच्या रूपानें, आकार दाबून लहान केलेल्या स्वरूपांत, प्रसिद्ध करीत असतें. अशा फाइलींत सर्वांत बाहेरचा डबा ‘मीडियाविकि’ नांवाचा असतो. त्याच्या पोटांत हजारों ‘पेज’. प्रत्येक ‘पेज’मध्यें शीर्षक, क्रमांक आणि एक ‘रिव्हिजन’. आणि त्याच्या आंत ‘टेक्स्ट’, म्हणजे प्रत्यक्ष लेख.

पहिला मोह होतो तो पार्सर टाळण्याचाच. ‘टेक्स्ट’ची उघडणारी खूण शोधावी, बंद करणारी शोधावी आणि मधला मजकूर कापून घ्यावा, एवढ्यासाठीं लायब्ररी कशाला, असें विद्यार्थ्याला वाटतें. चार लेखांवर ही युक्ति चालतेहि. पण एक्सएमएलमध्यें रिकामा डबा एकाच खुणेनें उघडून बंद करण्याची मुभा आहे. असा एक रिकामा लेख वाटेंत आला कीं त्याच्या बंद होणाऱ्या खुणेचा शोध थेट पुढच्या लेखाच्या शेवटीं जाऊन थांबतो आणि त्या लेखाचें शीर्षक, क्रमांक, लेखकाचें नांव हें सारें ‘मजकूर’ म्हणून यादींत उतरतें. शिवाय मजकुरांत कोनाची खूण किंवा अँपरसँड आला तर तो एक्सएमएलमध्यें सांकेतिक रूपानें लिहावा लागतो. तो संकेत उलगडणें हें पार्सरचें काम. जो पार्सर टाळतो त्याला तीं सर्व कामें एकेक करून स्वतः करावीं लागतात आणि अखेर त्याच्या हातून एक अर्धवट पार्सरच लिहिला जातो.

पार्सर घ्यावयाचा असें ठरल्यावर दोन रीती समोर येतात. दोन्ही १९९८ सालच्याच. पहिलीला डॉम म्हणतात. हिच्यांत सारा दस्तऐवज एकदम वाचला जातो आणि फांद्या-उपफांद्यांसह त्याचें एक झाड संगणकाच्या मेमरींत उभें राहतें. छापील पुस्तक हातीं असल्यासारखी ही सोय आहे : पान मागें उलटावें, पुढें जावें, दोन पानें ताडून पाहावीं, समासांत दुरुस्ती करावी. दुसरीला सॅक्स म्हणतात. तिची आंखणी डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकारानें झाली. हिच्यांत पार्सर वाचतां वाचतां सांगत जातो : ‘पेज’ उघडलें, शीर्षक उघडलें, हीं अक्षरें आलीं, शीर्षक बंद झालें. ऐकणाऱ्यानें हवें तें टिपून घ्यावयाचें. ही रीत रेडिओवरील भाषणासारखी आहे. गेलेलें वाक्य परत येत नाहीं आणि पुढें काय येणार तें ठाऊक नसतें. पण भाषण कितीहि लांबलें तरी ऐकणाऱ्याच्या घरांत त्याची अडगळ होत नाहीं. २००० सालीं निघालेल्या पायथॉन २.० या आवृत्तीपासून दोन्ही रीती त्या भाषेबरोबरच मिळूं लागल्या.

विद्यार्थ्यानें आधीं झाडाची रीत घेतली, तर काय होईल ? पायथॉनमधील मिनीडॉम नांवाची लायब्ररी लहान दस्तऐवजासाठीं ठीक आहे; परंतु तिनें उभारलेलें झाड मूळ फाइलीच्या कित्येक पट जागा व्यापतें. इंग्रजी विकिपीडियाची अशीच फाइल उलगडल्यावर ८० गिगाबाइटहून अधिक भरते. मराठीची तिच्या मानानें पुष्कळच लहान. तरीहि विद्यार्थ्याच्या साध्या संगणकाची मेमरी संपावी एवढी ती झाडाच्या रूपांत नक्कीच फुगूं शकते. एका वेळीं एक लेख पुरणाऱ्या कामासाठीं सारें अरण्य अंगणांत लावण्याचें प्रयोजन नसतें.

मग तो सॅक्सकडे वळतो. मेमरीची अडचण मिटते, काम भराभर चालतें, चूक म्हणून कांहीं दिसत नाहीं. पण यादी तयार झाल्यावर तिच्यांत चमत्कारिक शब्द आढळूं लागतात. सॅक्सच्या करारांत एक कलम आहे : एकाच लेखाचा सलग मजकूर पार्सर एकदम देईल किंवा तुकड्यातुकड्यांनीं देईल, तुकडा कोठें पडेल याची हमी नाहीं. ‘महाराष्’ येथें एक तुकडा संपेल आणि ‘ट्र’पासून दुसरा सुरू होईल. ज्यानें प्रत्येक तुकडा हा पूर्ण मजकूर समजून शब्द मोजले, त्याच्या यादींत दोन निरर्थक शब्द शिरतात आणि एक खरा शब्द गळतो. उपाय कठीण नाहीं. ‘टेक्स्ट’ची बंद करणारी खूण येईपर्यंत तुकडे जमवीत जावे आणि मग ते जोडून शब्द काढावे. पण हें कलम ज्यानें वाचलें नाहीं त्याला ही चूक कळण्याचा मार्ग नाहीं. कारण पार्सरनें नियम मोडलेला नसतो आणि प्रोग्राम कोठें अडलेला नसतो.

या दोहोंमधला मार्ग फ्रेड्रिक लुंड यांच्या एलिमेंट-ट्री या लायब्ररीनें दाखविला. तिची योजना पायथॉनच्या प्रकृतीला इतकी मानवली कीं २००६ सालीं आलेल्या २.५ या आवृत्तीपासून ती त्या भाषेच्या मूळ साहित्यांतच घेण्यांत आली. तिच्याखालीं प्रत्यक्ष अक्षरें वाचण्याचें काम जेम्स क्लार्क यांनीं सी भाषेंत लिहिलेला एक्सपॅट हा पार्सर करतो. हिच्यांत सारें झाड उभारतां येतें, आणि ‘इटरपार्स’ या सोयीनें तेंच काम हप्त्याहप्त्यानेंहि करतां येतें. एखादें मासिक दर महिन्याला घरीं यावें, वाचावें आणि रद्दींत घालावें, तसा एकेक लेख पुरा होऊन हातीं येतो. मात्र रद्दी घालण्याचें काम वाचकाचें आहे. हातीं आलेला लेख वाचून झाल्यावर तो रिकामा केला नाहीं, आणि मुळाशीं असलेल्या खोडावरूनहि उतरविला नाहीं, तर अंक घरांत साचत जातात आणि अखेर झाड पूर्वीएवढेंच मोठें होतें.

नवशिक्याला आणखी एक ठेंच हमखास लागते. विकिपीडियाच्या फाइलींत सर्वांत बाहेरच्या खुणेवरच एक नेमस्पेस, म्हणजे नांवांचें कुळ, जाहीर केलेलें असतें. त्यामुळें आंतल्या प्रत्येक खुणेचें पूर्ण नांव कुळासकट होतें. एलिमेंट-ट्रीला नुसतें ‘पेज’ शोधण्यास सांगितलें तर ती शून्य लेख सांपडल्याचें सांगते. चूक म्हणून कांहींच कळवीत नाहीं. एकाच नांवाचीं दोन माणसें असलेल्या गांवांत आडनांव न सांगतां पत्ता विचारावा, तसा हा प्रकार आहे. विद्यार्थी लायब्ररीला दोष देतो आणि दुसरी शोधूं लागतो. वस्तुतः नांव पुरें सांगितलें असतें तर काम झालें असतें.

येथवर पाहतां शब्दयादीच्या कामाला पायथॉनबरोबर येणारी एलिमेंट-ट्री पुरेशी आहे. वेगळें कांहीं बसवावें लागत नाहीं; तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावरहि तशीच चालते; आणि २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून तिचें सी भाषेंतील वेगवान रूप आपोआपच वापरलें जात असल्यानें वेगाची तक्रारहि सहसा उरत नाहीं. मग एलएक्सएमएल या दुसऱ्या प्रसिद्ध लायब्ररीची वाट कोणत्या वेळीं धरावी ?

ही लायब्ररी मार्टिन फासेन यांनीं सुरू केली आणि स्टेफान बेनेल यांनीं वाढविली. तिच्याखालीं लिबएक्सएमएल-टू हें सी भाषेंतील इंजिन आहे. तें डॅनियल व्हेइयार यांनीं ग्नोम प्रकल्पासाठीं लिहिलें. तिचा बाहेरचा आकार मुद्दाम एलिमेंट-ट्रीसारखाच ठेवला आहे. त्यामुळें एकीवरून दुसरीवर जाणें बरेंच सोपें जातें. तिची गरज कधीं लागते, हें त्याच कामाच्या पुढच्या टप्प्यावर दिसून येतें. शब्दयादी तयार झाली, ती एक्सएमएलमध्यें ठेवली, आणि तपासणाऱ्या दोघां-तिघांनीं प्रत्येक संशयास्पद शब्दाजवळ आपले शेरे टिपणीच्या खुणेंत लिहिले, अशी कल्पना करावी. एलिमेंट-ट्रीनें ही फाइल साध्या रीतीनें वाचून परत लिहिली तर ते शेरे नाहींसे होतात. कारण टिपण्या ती मुळांतच वाचून सोडून देते. कुळांचीं जुनीं संक्षिप्त नांवेंहि जाऊन त्यांच्या जागीं क्रमांक असलेलीं नवीं नांवें येतात. संगणकाच्या दृष्टीनें दस्तऐवज तोच. तपासणाऱ्या माणसांच्या दृष्टीनें महिनोन्महिन्यांची मेहनत वाहून गेलेली. एलएक्सएमएल टिपण्या राखून ठेवते. एखाद्या नोंदीवरून तिच्या वरच्या नोंदीकडे जाणें, एक्सपाथच्या भाषेंत बारकाईनें प्रश्न विचारणें, आणि फाइल ठरलेल्या आराखड्यांत बसते कीं नाहीं हें तपासणें, हीं कामेंहि तीच करूं शकते. वाचून सोडून द्यावयाचें असेल तेथें साधें साधन पुरतें. दुसऱ्याच्या हातचें राखून दुरुस्त करावयाचें असेल तेथें समर्थ साधन लागतें.

दस्तऐवज मुळांतच मोडका असेल, तर गोष्ट निराळी. ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी वेबवरील अस्ताव्यस्त पानें सांवरून घेण्यासाठीं प्रसिद्ध आहे. पण एक्सएमएल म्हणून दिलेली फाइल मोडकी निघाली तर ती सांवरून घेण्याआधीं मोडली कां, हें विचारावें. पुष्कळदां उत्तर साधें असतें : फाइल उतरवून घेतांना अर्ध्यावर तुटलेली असते. अशा वेळीं कडक पार्सर थांबतो आणि विद्यार्थी फाइल पुन्हां उतरवून घेतो. क्षमाशील पार्सर अर्धीच फाइल गोड मानून घेतो आणि अर्ध्या मराठीची यादी पूर्ण म्हणून हातीं देतो.

आतां उरला प्रश्न, दस्तऐवज कोणाकडून आला. विकिमीडियाची फाइल विश्वासाची. पण तोच प्रोग्राम उद्यां कोणाहि अनोळखी माणसाची फाइल घेऊं लागला तर ? एक्सएमएलमध्यें एखाद्या मजकुराला टोपणनांव देऊन तें पुढें हवें तितक्या वेळां वापरतां येतें. यावरून एक कुप्रसिद्ध युक्ति निघाली. एका टोपणनांवांत दुसरें दहा वेळां, त्यांत तिसरें दहा वेळां, अशी साखळी रचली कीं एक किलोबाइटहून लहान फाइल उलगडतांना तीन अक्षरांचा एक शब्द शंभर कोटी वेळां येतो आणि सुमारें ३ गिगाबाइट मेमरी खाऊन टाकतो. दुसरी युक्ति याहून घातक आहे : टोपणनांवाचा अर्थ म्हणून त्या संगणकावरीलच एखाद्या खासगी फाइलीचा पत्ता देणें. भोळा पार्सर ती फाइल उघडून मजकुरांत आणून ठेवतो. यांवर उपाय झाले आहेत. २०१३ सालीं पायथॉनसाठीं डिफ्युज्ड-एक्सएमएल ही सावध लायब्ररी आली. एक्सपॅटनें २०२१ सालच्या २.४.० आवृत्तींत अशा फुगवट्याला आळा घातला, एलएक्सएमएलच्या ५.० आवृत्तीनें बाहेरच्या फाइली आपणहून उघडणें बंद केलें. मात्र हे उपाय नव्या आवृत्तींत आहेत. जुनी आवृत्ति बसविलेली ठेवून नवीच्या सुरक्षिततेचा भरंवसा धरणें म्हणजे शेजाऱ्याच्या कुलुपावर निर्धास्त झोपणें होय.

आवृत्तीवरून आवृत्ति काढणारीं माणसें कोण, हेंहि पाहण्यासारखें आहे. पायथॉनच नव्हे, तर पर्ल, पीएचपी, रुबी या भाषांतील प्रसिद्ध एक्सएमएल-लायब्ऱ्यांपैकीं पुष्कळ अखेर एक्सपॅट किंवा लिबएक्सएमएल-टू यांपैकीं एकावरच उभ्या आहेत. अशा या दोन खांबांचा सांभाळ फार थोडीं माणसें करीत आलीं आहेत, आणि तीहि बव्हंशीं वेतनावांचून. २०२४ सालीं एक्सपॅटच्या बदलांच्या नोंदवहींतच माणसांची व पैशांची वाण असल्याचें निवेदन करण्यांत आलें. २०२५ सालीं लिबएक्सएमएल-टूचा भार वाहणाऱ्या स्वयंसेवकानें जाहीर केलें, कीं सुरक्षिततेच्या तक्रारी यापुढें इतर दोषांप्रमाणेंच, सवड होईल तशा पाहिल्या जातील. लायब्ररी निवडणें म्हणजे या माणसांच्या श्रमाशीं आपलें काम बांधून घेणें. म्हणून शेवटची आवृत्ति केव्हां निघाली, दोषांच्या तक्रारींना उत्तरें मिळतात कीं नाहीं, हें वेगाच्या तक्त्यापेक्षां आधीं पाहावें. आणि दोष सांपडला तर तो नीट लिहून कळवावा, तेवढीच त्यांना मदत.

सर्व विचार करूनहि शंका राहिली, तर एक लहानशी परीक्षा घ्यावी. दहा-बारा ओळींची एक फाइल हातानें लिहावी. तिच्यांत एक कुळाचें नांव असावें, एक अँपरसँड असावा, एक रिकामा डबा, एक टिपणी आणि जोडाक्षरांनीं भरलेला एक मराठी परिच्छेद असावा. तिची दुसरी प्रत करून ती मुद्दाम मध्येंच तोडावी. निवडलेल्या लायब्ररीनें पहिली प्रत वाचून पुन्हां लिहिली असतां काय राखलें, काय गमावलें, आणि दुसरीवर ती थांबली कीं नाहीं, तें पाहावें. मोठ्या फाइलीच्या बाबतींत लेख किती उघडले आणि किती हातीं आले, याची मोजदाद ठेवावी. अर्ध्या तासाची ही परीक्षा पुढचे कित्येक महिने वांचवते.

या साऱ्या खटाटोपाचें मोल यादी वापरणाऱ्याला कळतें. शुद्धलेखनाच्या यादींत ‘महाराष्’ हा शब्द शिरला, तर प्रोग्राम त्याला शुद्ध म्हणणार. आणि गळलेला खरा शब्द लिहिणाऱ्या मुलीला तो चूक म्हणून लाल रेघ ओढून दाखविणार. ती मुलगी पार्सरचें नांवहि ऐकून नसेल. ती आपल्याच मराठीविषयीं साशंक होईल. फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाचें व्याकरण चुकलें, तर गुरुजी तेथल्या तेथें त्याला सुधारीत. संगणकाचें व्याकरण चुकलें तर सुधारणारा कोणी जवळ नसतो. म्हणून तें चालविणारा निवडतांनाच काळजी घ्यावयाची असते.